रुखवतातली बरणी

आमच्या माहेरी आंबवलेल्या मुळ्याच्या बरणीला 'वास येतो' असं कुणी कधी म्हटलं नाही. बरणी मुरली की आई म्हणायची, "घमघमाट सुटला बघ," आणि खरोखरच शेजारच्या बायका हातात वाटी घेऊन दारात यायच्या. त्यामुळे लग्न होऊन लोणावळ्याला येईपर्यंत मला पत्ताच नव्हता, की ज्या वस्तूवर आपण वाढलो तिच्यापायी लोक नाकाला पदर लावतात. कळलं तेव्हा मला इतकी लाज वाटली, की ती अजून पुरती गेलेली नाही.

बेडशाच्या लेण्यांखाली आमचं गाव. भाताची खाचरं आणि विहिरीखाली थोडासा मळा. मळ्यातला मुळा निघाला की आई पाल्यासकट त्याचे बोटभर तुकडे करून उन्हात टाकायची. मग पाट्यावर पाणी शिंपडत मोहरी फेसायला बसायची. ती मोहरी नाकात गेली की डोळ्यांना धारा लागत, पण आईचा वरवंटा थांबायचा नाही. त्यात ओला लसूण, तांबड्या मिरच्या आणि जाडं मीठ घालून सगळं चिनी मातीच्या बरणीत जायचं. बरणीच्या तोंडाला ती झाकण लावायची नाही, दादरा बांधायची, म्हणजे स्वच्छ फडकं. "आत जीव असतो," ती म्हणायची, "त्येला कोंडू नगं." बरणी चुलीमागं राखेच्या उबेला राहायची, आणि रोज सकाळी फडकं सोडून लाकडी डावानं ढवळायची हा आमच्या घरचा नेम होता. तांदळाची भाकरी आणि त्या आंबट-तिखट मुळ्याच्या दोन फोडी, एवढ्यावर आम्ही शेतावर जायचो.

माझं लग्न आमच्यापेक्षा वरच्या घरात ठरलं. वरच्या म्हणजे पैशानं नव्हे, राहणीनं. सासरची माणसं दोन पिढ्या लोणावळ्यात, स्टेशनाजवळच्या चाळीत राहिलेली. आमचे हे स्टेशनावरच्या रिफ्रेशमेंट रूमच्या कोठीवर कामाला होते. साहेबलोकांच्या टेबलावर जाणारं लोणी, पाव, मटण सगळं यांच्या ताब्यात असे. चाळीतल्या बायका कपबशीतून चहा प्यायच्या, आणि आमच्या गावात कप होता तो एकट्या पाटलाकडे.

आता रुखवत मांडायचं म्हणजे मुलीच्या आईनं व्याह्यांपुढे आपलं कसब मांडायचं. कुणी लाडवांचे मनोरे करतं, कुणी खोबऱ्याचं तुळशीवृंदावन. माझ्या आईला त्यातलं काही येत नव्हतं. तिला एक गोष्ट येत होती आणि ती पंचक्रोशीत नावाजलेली होती. तिनं सर्वांत मोठी बरणी घेतली, तिच्या पोटावर हळदीकुंकवाची बोटं उठवली आणि रुखवताच्या अगदी मधोमध ठेवली.

वैशाखातलं ऊन, वर पत्र्याचा मांडव. माझ्या कपाळावर मुंडावळ्या होत्या आणि मला मान फिरवायची बंदी होती, तरी मला दिसलं. दादरा पुरीसारखा फुगला होता, आणि मग त्याच्या कडेनं फेस सुटून तो खार हळदीकुंकवावरून, पांढऱ्या चादरीवरून लाडवांच्या ताटापर्यंत पोचला. वरपक्षाच्या बायका एकदम मागे सरल्या. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, इथं काही मेलंबिलं आहे का?"

आई ओलं फडकं घेऊन धावत आली. तिला वाटलं, कौतुकच चाललं आहे. "मुरलाय, इहीणबाई, मुरलाय! जरा चाखून तर बगा." तिनं चमच्यावर एक फोड घेऊन सासूबाईंपुढे धरली. सासूबाईंनी पदर नाकाला लावला आणि मान वळवली. आई तो चमचा तसाच धरून थोडा वेळ उभी राहिली, मग ती फोड तिनं स्वतःच खाल्ली. "झ्याक झालाय," ती म्हणाली. त्या क्षणी मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. आईची लाज वाटली, आणि आईची लाज वाटली म्हणून माझी मलाही वाटली.

रुखवत टाकून देता येत नाही, ते सासरी न्यावंच लागतं आणि भाऊबंदांत वाटावं लागतं. टाकलं तर व्याह्यांचा अपमान. त्यामुळे बरणी कामशेतहून आगगाडीत माझ्या पायांशी बसून निघाली. डब्यातली माणसं हळूहळू उठून पलीकडे गेली. एवढी ऐसपैस जागा कुठल्या नवरीला मिळाली नसेल.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या वाईट नव्हत्या, हे आधी सांगते. पण त्यांचं घर दोन खोल्यांचं, आणि सगळी चाळ नाक मुरडायला टपलेली. बरणी आधी मोरीत ठेवली, मग मागच्या गॅलरीत. शेजारणी येता-जाता मोठ्यानं श्वास ओढायच्या आणि माझ्याकडे बघून हसायच्या. मी पाणी भरायला नळावर गेले की पुढची बाई बादली उचलून बाजूला व्हायची. मी रिठ्यानं केस धुतले, हातांना चुलीतली राख चोळली, एकटी असले की स्वतःच्याच पदराचा वास घेऊन बघायची. पदराला कसला वास नव्हता, पण माझा विश्वास बसत नव्हता.

शेवटी आत्याबाई यांना म्हणाल्या, "तेवढी बरणी घरातून ने बाबा. टाक म्हणत नाही मी, पण मला ती दिसायला नको." हे 'लावतो विल्हेवाट' म्हणून बरणी उचलून गेले. टाकलीच असणार, असं आत्याबाई समजल्या, आणि मीही तेच समजले. पदर तोंडात धरून मी रडले. सुटले म्हणून रडले की तुटले म्हणून, ते तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले ते रुमालात एक लहानशी वाटी घेऊन. आत्याबाई देवळात गेल्या होत्या. वाटीत मुळ्याच्या चार फोडी होत्या, बर्फासारख्या गार. "तू जेवत नाहीस ते मला दिसतं," एवढंच म्हणाले. इथल्या गोड आमटीनं माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी मोरीशी बसून त्या फोडी खाल्ल्या. दातांना कळ आली, पण चव आमच्या चुलीमागची होती.

बरणी रिफ्रेशमेंट रूममधल्या बर्फाच्या पेटीत होती. ती पेटी मी पुढे एकदा पाहिली. पुरुषभर उंचीचं सागवानी कपाट, आतून जस्ताचा पत्रा, वरच्या खणात बर्फाची लादी. लादी भुशात आणि तरटात गुंडाळून गाडीनं यायची, आणि वितळलेलं पाणी नळीवाटे खालच्या घमेल्यात ठिपकत राहायचं. त्या पेटीत साहेबलोकांचं लोणी असताना माझ्या आईचा मुळा ठेवायचा आणि कुणाला वास लागू द्यायचा नाही, ही काही सोपी गोष्ट नव्हती. पण हे हौसेनं सांगायचे, "गार हवा बर्फावरून थेट तळाला उतरते, म्हणून दूध-लोणी तळाला. मग ती फिरत वर येते, म्हणून वासाची वस्तू सगळ्यांत वर, बर्फाला लागून. तिथून वास बर्फाच्या पाण्यात उतरतो आणि नळीतून बाहेर जातो." बरणीभोवती त्यांनी कोळशाच्या पुरचुंड्या रचल्या होत्या. आईचा दादरा काढून घट्ट झाकण बसवलं होतं आणि झाकणाच्या कडेनं कणकेचा लेप. रोज संध्याकाळी लेप फोडून वाटी भरायची, नवा लेप लावायचा, आणि वाटी रुमालात गुंडाळून घरी आणायची. नवऱ्यानं बायकोसाठी गजरा आणावा तसे हे मुळा आणत होते. हळूहळू यांनाही तो आवडायला लागला. आम्ही एकाच वाटीत खायचो आणि नंतर पोलिसांना चुकवावं तशी दोघं बडीशेप चावत बसायचो.

मी तेव्हा सुखी होते, पण मनात एक काटा होता. गावाकडचे एक भाऊ बाजाराला लोणावळ्यात यायचे. आईनं त्यांच्याकडून विचारलं होतं, "रुखवतातला मुळा इहीणबाईंना कसा वाटला?" मी काय सांगणार? "सगळ्यांना लय आवडला म्हणावं," मी सांगितलं, "चार दिवसांत बरणी रिकामी." भाऊ म्हणाले, "व्हय? मंग तर तुजी आय नाचंल." ते गेले. आता एकच होतं, आईला हे कधी कळता कामा नये. तिची ती बरणी कुणी चाखलीही नाही, घरातून बाहेर काढली, हे कळलं तर ती पुन्हा माझ्या दारात ताठ मानेनं उभी राहणार नाही, एवढं मला ठाऊक होतं.

ज्येष्ठात माझी पहिली वटपौर्णिमा आली. आत्याबाईंकडे व्रत तीन दिवसांचं. फळं आणि दूध एवढंच घ्यायचं, लसणाचं तर नाव काढायचं नाही. हे मनानं सरळ. बायको माझ्यासाठी व्रत करते आहे, तर तेवढे दिवस त्या बरणीला हातही लावायचा नाही, असं त्यांनी आपलं आपण ठरवलं. म्हणजे तीन दिवस वाटी नाही, तीन दिवस झाकण उघडलं नाही. त्यातच पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बर्फाची लादी आली ती निम्मीच.

वड रिफ्रेशमेंट रूमच्या मागच्या आवाराला लागूनच होता, मध्ये फक्त तारेचं कुंपण. पौर्णिमेला सकाळी चाळीतल्या सगळ्या बायका नथी घालून, ताटं घेऊन तिथे जमल्या. आकाश भरून आलेलं, वारा पडलेला. मी वडाला सूत गुंडाळत होते, आत्याबाई फेऱ्यांकडे लक्ष ठेवून होत्या. तेवढ्यात आतून फट्ट असा आवाज आला आणि मागोमाग आरडाओरडा. मी हात थांबवला, कारण सगळ्यांत आधी कळलं ते माझ्या नाकाला.

मागचं दार उघडून मॅनेजर बाहेर आला, नाकावर रुमाल. त्याच्या मागून एक आचारी हात लांब धरून बरणी घेऊन आला आणि त्यानं ती पायरीवर ठेवली. झाकण उडालं होतं. फेस हळदीकुंकवाच्या बोटांवरून खाली ओघळत होता, मांडवात ओघळला होता तसाच.

"सगळं लोणी गेलं!" मॅनेजर ओरडला. "टेबलावर काय ठेवू आता मी? कुणाची आहे ही घाण?"

हे कोठीतून बाहेर आले. मला वाटलं, काहीतरी सारवासारव करतील. पण ते सरळ म्हणाले, "माझी आहे साहेब. माझ्या सासरहून रुखवतात आलेली आहे. पेटी मी धुऊन देतो."

बायकांच्या फेऱ्या थांबल्या. आत्याबाईंनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि त्याच वेळी मला दिसली आई. पहिल्या वटपौर्णिमेला लेकीला वाण द्यायचं म्हणून ती सकाळच्या गाडीनं आली होती. डोक्यावर पाटी, अंगावर लग्नातलंच लुगडं. ती कुंपणाशी उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

तिनं पाटी खाली ठेवली आणि तारांखालून वाकून बरणीपाशी जाऊन आत डोकावली. बरणी गळ्यापुरती रिकामी होती, बाकी मुळा जसाच्या तसा. चार दिवसांत संपलेली बरणी! आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला काही विचारायचं नव्हतं. तिला सगळं कळलं होतं, मांडवातल्या त्या चमच्यासकट, आणि तिचा चेहरा एवढासा झाला.

मग तिनं पदर सारखा केला आणि मोठ्यानं हसली.

"अवं सायेब, जावईबापूंवर रागवू नगा," ती म्हणाली. "चूक माजी हाय. ती बरणी गुरांच्या औशदाची. बैलाचं पोट फुगलं की पाजतो आमी. लग्नाच्या गडबडीत रुखवतात गेली बगा. त्येंनी बिचाऱ्यांनी सासरची वस्तू म्हून जपून ठेवली."

आधी एक बाई हसली, मग दुसरी, मग सगळा वड हसायला लागला. गुरांचं औषध रुखवतात! आत्याबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. घराची अब्रू राहिली होती. त्याही हसल्या. "तरीच! मी म्हणते, माणसं असलं खातात तरी कशी!"

"मानसं कशापायी खातील, इहीणबाई!" आई म्हणाली.

"मामी, अहो पण मी तर रोज..." हे पुढे झाले.

"तुमी गप ऱ्हावा, जावईबापू." आईनं त्यांना इतक्या मऊ आवाजात थांबवलं, की ते थांबलेच.

मी नवी सूनबाई, चारचौघांत बोलायची मला मुभा नव्हती. असती तरी मी काय बोलले असते कोण जाणे. आत्याबाई म्हणाल्या, "फेऱ्या पुऱ्या कर ग," आणि मी पुन्हा सूत धरून चालायला लागले. वडाच्या एका अंगाला आले की आई दिसायची, पलीकडे गेले की दिसायची नाही. एका फेरीला ती सगळा मुळा रुळांपलीकडच्या चरात ओतत होती. पुढच्या फेरीला ती नळीखालचं बर्फाचं पाणी घेऊन रिकामी बरणी धूत होती. नवऱ्याचं आयुष्य मागायचं सोडून मी मनात एवढंच म्हणत होते, की आईची गाडी लवकर येऊ दे.

घरी आत्याबाईंनी तिला आग्रहानं चहा दिला. आई दाराशी बसली, पाटी पाठीमागं ओढून. तिनं माझ्यासाठी चोळीचा खण काढला, आंबे काढले, आत्याबाईंना नारळ दिला. पाटीत आणखी काहीतरी होतं, फडक्यानं घट्ट झाकलेलं. बाहेरचा वास अजून माझ्या नाकातून गेला नसेल, असं मी स्वतःला समजावलं. आत्याबाईंनी खिडकी उघडली तेवढी.

संध्याकाळी मी तिला गाडीवर पोचवायला गेले. "आई, पाटीत काय आहे?" मी विचारलं.

"काय न्हाई. मोकळीच हाय."

मोकळी पाटी तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि डोक्यावर घेताना तिची मान लचकली. तेव्हा मला समजलं. त्यांना लय आवडला, असा निरोप मी धाडला होता ना. मग आईनं घरात उरलेली एकुलती बरणी, सगळ्यांच्या वर्षभराच्या तोंडची, उचलून आणली होती. आणि आता ती परत घेऊन चालली होती. मी तिचे पाय धरायला वाकले, तर ती म्हणाली, "उठ. लोक बगत्यात." आमच्या आईच्या तोंडून हे वाक्य मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

आषाढात मी माहेरी गेले. घरात शिरल्याबरोबर चुलीमागं पाहिलं, बरणी नव्हती. ती आणि आम्ही भावांबरोबर परत धाडलेली रुखवतातली, अशा दोन्ही बरण्या गोठ्यात होत्या, बैलांचं जाडं मीठ भरून. त्या मुक्कामात शेजारच्या एक मावशी वाटी घेऊन आल्या, तर आईनं त्यांना, "औंदा नासला," म्हणून दारातूनच परत पाठवलं. मावशींना खरं वाटलं नाही, पण त्या गेल्या. मी आईला कितीदा सांगायला गेले, की यांना मुळा मनापासून आवडतो, आम्ही दोघं एका वाटीत खायचो. ती दरवेळी "बरं" म्हणायची आणि उठून कामाला लागायची.

मला न्यायला हे स्वतः आले. आईनं पानं मांडली, गरम भाकरी वाढली. यांनी घास मोडला आणि तसाच धरून ठेवला.

"मामी, मुळा वाढा की," हे म्हणाले. "तुमच्या हातचा. त्यासाठी तर आलो मी."

आईचा चेहरा क्षणभर उजळला. मला वाटलं, ती आता उठेल, कुठून तरी लपवलेली वाटी काढेल. पण ती जागची हलली नाही.

"न्हाई वो जावईबापू," ती म्हणाली. "आता न्हाई करत मी त्यो."

"का हो?"

आईनं चुलीमागच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि पदराचं टोक नाकाशी नेलं, आत्याबाईंनी मांडवात नेलं होतं तसंच.

"घरात लय वास मारतो त्येचा," ती म्हणाली, आणि यांच्या पानात दुसरी भाकरी वाढली.